साडूंची तुर्की

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत तुर्की भाषा बोलणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. अतिशयोक्ती करायची मला सवय नाही. उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला, त्यामुळे दोन तालुके म्हणताना मी दोनच म्हणतो. खेड आणि शिरूरची मला खात्री नाही, म्हणून ते सोडून दिले. साडू पिंपरी पेंढारला असतात, मी मंचरला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे रविवारी एकमेकांकडे जाण्यावाचून आम्हा दोघांनाही गत्यंतर नाही.

सुरुवात पायापासून झाली. मोटारसायकल घसरून साडूंचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मुलाने त्यांची बडबड टाळण्यासाठी टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. त्यावर त्यांना एक तुर्की मालिका सापडली. दोन सख्खे भाऊ, एक जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, बाग, आणि ठार वैर. आवाज हिंदीत दिलेला होता. पण हिंदी करणाऱ्यांचा उत्साह मध्येच संपला आणि पुढचे सगळे भाग तुर्कीतच, खाली पळती इंग्रजी अक्षरं. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "आता तरी बंद करा." साडू म्हणाले, "आगं, त्या दोगांचं पुढं काय व्हतं ते तरी कळू दे." एवढ्यासाठी माणूस तुर्की शिकला. पाय बरा झाला, पण तुर्की राहिली.

मालिका पाहून शिकलेल्या भाषेत एक मोठी खोट असते, ती मी लगेच हेरली. तिच्यात रोजचं काही नसतं. साडूंना तुर्कीत शपथ घालता येते, शाप देता येतो, मरणाऱ्या माणसाला निरोप देता येतो. पण कांद्याला काय म्हणतात ते येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांच्यात कोन कांदा विकतच न्हाई, पावणं. समदे नुस्ते दुःखात असत्यात." ज्या भाषेत कांद्याचा भाव विचारता येत नाही ती आमच्या मंचरात काय जाळायची? पण हे त्यांना पटलं नाही. ते गाईशी तुर्की बोलू लागले. गाईला ती समजते असा त्यांचा दावा आहे. गाईने अजून तो खोडलेला नाही.

भाषेबरोबर अभिनयही आला. तिकडे म्हणे उत्तर देण्याआधी समोरच्याकडे खूप वेळ पाहायची पद्धत आहे. अक्का "जेवायला वाढू का" म्हणाल्या की साडू त्यांच्याकडे डोळे भरून पाहत राहतात. अक्कांना वाटतं गॅस चालू राहिला, आणि त्या आत पळतात. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा हे भेटायला आले, छातीवर हात ठेवला आणि "गेचमिश ओल्सुन" असं काही खर्जात म्हणाले की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेने पदर डोळ्यांना लावला. त्याचा अर्थ एवढाच, की लवकर बरे व्हा. हे मला ठाऊक, कारण सराव करायला त्यांना दुसरं माणूस मिळत नव्हतं. दर रविवारी मला कधी खलनायक व्हावं लागे, कधी विधवा आई. सर्वांत जास्त वेळा धाकटा भाऊ. "आफेत बेनी, कार्देशिम," ते मला म्हणायचे. मला माफ कर, भावा. मी भजी खात मान डोलवायचो.

खरा धाकटा भाऊ बांधापलीकडे राहत होता.

त्याची बायको दवाखान्यात असताना साडूंनी त्याला न सांगता सरकारी मोजणी आणली होती. बांध हातभर सरकला, आणि धाकट्याच्या लावलेल्या कांद्याच्या दोन सऱ्या साडूंच्या वावरात आल्या. मोजणी बरोबर होती. कागद मी स्वतः तपासले होते आणि त्यात चूक नव्हती. पण बायकोला घेऊन परत आलेल्या माणसाला कागद दाखवणं ही काय रीत झाली? त्या दिवसापासून बोलणं बंद. साडूंना ते आतून कुरतडत होतं, हे अक्कांना दिसत होतं, मला दिसत होतं, गाईलाही दिसत असावं. आपल्याकडे माणूस व्याह्याकडे मान मागतो, देवाकडे पोरगा मागतो, पुढाऱ्याकडे रस्ता मागतो. भावाकडे माफी मागायची म्हटलं की त्याच्या जिभेला लकवा भरतो.

गेल्या लग्नसराईत एका रविवारी आम्ही साडूंच्या ओट्यावर बसलो असताना धाकटा पत्रिका घेऊन आला. अंगणातच उभा राहिला. आधी माझ्याशी बोलला. "पावणं बी हायेत व्हय? बरं झालं." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "पोरीचं लगीन धरलंय. थोरल्या चुलत्याबिगर मांडव बरा दिसत न्हाई, म्हनून आलो."

एवढी संधी माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते? "ये, बस, चहा घे," इतकं पुरेसं होतं. साडू उठले. छातीवर हात ठेवला, डोळे भरून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "आफेत बेनी, कार्देशिम."

धाकट्याचा चेहरा उतरला. "लोकं म्हनायची, थोरला येडा झालाय. मी म्हनायचो, न्हाई, नाटकं करतोय. आज कळलं, माझंच खरं व्हतं." पत्रिका ओट्यावर ठेवून तो वळला. मी "अहो, त्याचा अर्थ" म्हणेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

मी साडूंवर चिडलो. "मराठी काय मेली होती का, साडूभाऊ?"

ते खाली बसले. छातीवरचा हात काढला, आणि या वेळी तो अभिनय नव्हता. "मराठीत तोंड उगडलं की मोजणीच निगती, राव," ते म्हणाले.

लग्नाला ते आले नाहीत. अक्कांना पाठवलं, पुतणीसाठी शालू पाठवला. मांडवात मानकऱ्यांना टोप्या घालणं चाललं होतं, माईकवर नावं पुकारत होते, साडूंचंही नाव पुकारलं गेलं आणि टोपी अक्कांच्या हातात देण्यात आली. गर्दीतून वाट काढून मी धाकट्याला गाठलं आणि त्या वाक्याचा अर्थ सांगितला.

तो म्हणाला, "मराठीत म्हनायला काय जीब झिजली असती?"

"झिजली असती," मी म्हणालो.

फेटा सारखा करत तो दोन पावलं गेला आणि परत आला. "आन त्याला उत्तर काय द्यायचं असतंय, पावणं?"

मला ते माहीत नव्हतं. इतके रविवार मी तो भाऊ झालो होतो, पण माझ्या वाट्याला बोलायचं कधी आलंच नव्हतं. तेवढ्यात अक्षता सुरू झाल्या आणि तो पोरीकडे गेला.

पुढच्या रविवारी मी साडूंना त्याचा प्रश्न पोचवला. ते टीव्हीपुढे होते. त्यांनी रिमोट खाली ठेवला. तो असं विचारत होता का, चेहरा कसा होता, हसत म्हणाला की कसं, हे मला तीनतीनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "कोन बोलत न्हाई वं तितं. नुस्तं गळ्यात पडत्यात."

"मग?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. धाकटा त्याच्या वावरात एकटाच पाणी भरत होता.  चहा आला, तो निवला. साडू जागचे उठले नाहीत, त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज थोडा वाढवला.