अत्तराचा फाया

काल एका लग्नात कुणीतरी हातावर हिना अत्तराचा फाया ठेवला आणि त्या वासासरशी अमरावतीच्या कॉलेजातला माझा मित्र वसंता समोर उभा राहिला.

अकोल्याच्या बाजारात व्यापारी कापूस मुठीत दाबतो, "ओला हाय" म्हणतो आणि वजन कापतो. विजेने ओलावा मोजणारं यंत्र करून वसंताला ही मुठीची सत्ता मोडायची होती. संशोधनाला फक्त एका विभागाची परवानगी हवी होती.

पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणाले, "बाजारभाव? हे अर्थशास्त्र झालं." अर्थशास्त्राचे प्रमुख म्हणाले, "वीज? तिकडेच जा." वर्षभर तो दोन विभागांमधल्या व्हरांड्यात हेलपाटे घालत राहिला.

स्नेहसंमेलनात दोन्ही प्रमुख शेजारी बसले होते. शिपायाने हिनाचे फाये केले होते ते वसंताने प्रयोगासाठी बरणीत जपलेल्या नमुन्याच्या कापसाचे. दोघांनी ते हसत कानात खोचले. मी संतापून उठलो, तर वसंताने हात धरला.

"बस ना बे. आज पहिल्यांदा दोन्ही विभागायनं माहा कापूस घेतला."

तेव्हा वाटायचं, ही दोन माणसं गेली की वाट मोकळी होईल. ती केव्हाच निवृत्त झाली. अकोल्यात ओलावा अजून मुठीनेच मोजतात.