रगतवाले मामा

रक्ताची नळी हातात आली की रगतवाले मामा ती आधी खिडकीपाशी नेत. मशीन चालू असे, बाहेर बाकावर रांग असे, मी आतून दोनदा रिपोर्ट मागवलेला असे. तरी मामा नळी उजेडात धरत, जराशी कलती करत आणि रक्त काचेवरून खाली कसं उतरतं ते डोळे बारीक करून बघत. मग चष्मा नाकावर नीट बसवून कामाला लागत. पहिल्या महिन्यात मला ते बघून हसू यायचं, नंतर कंटाळा यायचा. आता मी स्वतः तेच करते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली एकमेकींकडे बघतात, तेव्हा त्यांना काय वाटतंय ते मला नेमकं ठाऊक असतं.

त्यांचं नाव शांतवन. नेवासा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात ते लॅब टेक्निशियन होते आणि मी कॉलेजातून बाहेर पडून थेट तिथे डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. ‘लॅब टेक्निशियन’ हा शब्द गावात कुणाच्या तोंडात बसत नसे. रक्त काढणारे म्हणून रगतवाले, आणि सगळ्या गावाचे मामा म्हणून मामा. पणजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालेलं. मामांचं शिक्षण नगरला वसतिगृहात राहून झालं होतं. दर रविवारी पांढरा सदरा घालून ते सायकलवर चर्चला जात. बाकी सहा दिवस त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर कुठला ना कुठला डाग असेच.

‘आधी रंग, मग आकडा,’ असं ते म्हणत. यंत्र आकडा देतं, पण आपण काय विचारलं त्याचंच उत्तर देतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा साखर कारखान्यातल्या एका कामगाराचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट अगदी चांगला आला. मामांनी तो मला दिलाच नाही. त्या माणसाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून त्यांनी पाहिली, मशीनमधलं रसायन बदललं आणि पुन्हा तपासलं. आकडा निम्म्यावर आला. रसायन जुनं झालं होतं. मी म्हणाले, बरं झालं तुम्ही पाहिलंत. मामा म्हणाले की माणूस समोर बसला होता, न बघायला काय झालं.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठलीही गोष्ट ते एकदाच सांगत. फ्रिजचं दार नीट लागत नाही, हे एकदा. नवी नर्स हातमोजे न घालता सुई टोचते, हे एकदा. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर ते मान खाली घालून आपल्या खोलीत जात. वर्षानुवर्षं निरनिराळ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करून ती सवय लागली असावी. तेव्हा मला ती सोयीची वाटायची.

एका सकाळी उसाच्या वस्तीवरची गयाबाई आपल्या नातीला घेऊन आली. नात दोन महिन्यांची. सूनबाई बाळंतपणानंतर आजारी पडली होती, तिचं दूध आटलं होतं, म्हणून बाळाला पावडरचं दूध चालू होतं आणि सगळं गयाबाईच करत होती. बाळाचे ओठ आणि नखं निळसर-राखाडी दिसत होती. धाप फारशी नव्हती. मी ऑक्सिजन लावला, पण रंगात काहीच फरक पडला नाही. जन्मजात हृदयदोष असेल, असं माझ्या मनाने घेतलं. पुस्तकात निळ्या बाळाचं पहिलं कारण तेच दिलेलं असतं. मामांनी टाचेतून रक्त घेतलं आणि मी नगरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहायला बसले.

चिठ्ठी अर्धी झाली असेल, तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले. हातात टिपकागदाचा तुकडा, त्यावर रक्ताचा थेंब. चॉकलेटी रंगाचा.

“मॅडम, रगत तांबडं होईना. वाऱ्यावर धरलं, हालवलं, तरी असंच ऱ्हायलंय.”

मी वर न बघता म्हणाले की निळ्या बाळाचं रक्त काळपटच असतं मामा, तुम्ही हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा द्या. ते मान खाली घालून परत गेले. आकडा आला. चांगला होता.

आजच्या कुठल्याही विद्यार्थिनीला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते. हृदयदोषाने रक्त काळपट झालं असेल, तर हवेतला प्राणवायू लागताच ते लाल होतं. होत नसेल, तर दोष हृदयात नाही, रक्तातच आहे. एका थेंबाची आणि एका मिनिटाची तपासणी. तीही माझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी करून ठेवली होती.

रुग्णवाहिका निघाली. घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर म्हशींनी भरलेले टेम्पो आडवेतिडवे उभे होते. गाडी अडकली, बाळ रडायला लागलं, म्हणून गयाबाईने थर्मासमधलं पाणी घेऊन त्याला पुन्हा दूध करून पाजलं. नगर यायच्या आत बाळ गेलं. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं, कारण माझ्या चिठ्ठीत तेच होतं.

मामा त्या घरी भेटायला गेले. येताना त्यांच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुट्टी टाकून त्यांनी ते स्वतः नगरच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलं. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी, रुग्ण संपल्यावर, त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यालाच तो टिपकागद टाचलेला होता. डाग आता वाळून गेला होता.

पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी पट होतं. उसाला टाकलेला युरिया, गोठ्यातलं शेण-मूत, सगळं वर्षानुवर्षं झिरपत खाली गेलेलं. मोठ्या माणसाला असल्या पाण्याचा लगेच असा त्रास होत नाही. त्याला चव नसते, वास नसतो, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. पण काही आठवड्यांच्या बाळाच्या रक्ताला ते झेपत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि चॉकलेटी पडतं. त्यावर औषध आहे. शिरेतून देतात. बाळ तासाभरात गुलाबी होऊ शकतं.

मी तो कागद दोनदा वाचला. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मामा, तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत?”

वाटलं होतं, ते म्हणतील, तुम्ही ऐकलं नाहीत. तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

“दुसऱ्यांदा सांगायला पायजे हुतं,” मामा म्हणाले. “ती माझी चूक हाय, मॅडम.”

ते हे मनापासून म्हणत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची होती आणि ती मी मामांना सांगितली नव्हती. पहिल्या लसीच्या वेळी गयाबाई त्या बाळाला घेऊन आली होती. पावडरचं दूध चालू केलंय म्हणाली, तेव्हा मी तिला समोर बसवून बजावलं होतं की पाणी चांगलं वीस मिनिटं खळखळ उकळा, जंतू राहता कामा नयेत. तिने तसंच केलं. तिच्यासारखी काटेकोर बाई वस्तीवर दुसरी नसेल. पातेलं निम्मं होईपर्यंत ती पाणी आटवायची. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र उडून जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं आणि जास्तच दाट होतं. माझा सल्ला जंतूंच्या बाबतीत बरोबर होता. त्या बोअरच्या पाण्यात काय आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

आठवड्याभरात शाळेच्या व्हरांड्यात गावाची बैठक घेतली. मी बोलले, मामा बाजूला बाटल्या घेऊन उभे होते. तान्ह्या बाळांना या बोअरचं पाणी देऊ नका, उकळूनही देऊ नका, उकळण्याने हे जात नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. गयाबाई बायकांच्या पुढच्या ओळीत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात आली. माझ्याकडे न येता लॅबच्या दारात उभी राहिली. मधे नुसता पडदा होता, सगळं ऐकू येत होतं.

“मामा, खरं सांगा. मी उकळीत हुते, त्यानं झालं का?”

मामा खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

“बाई, पाणीच वाईट हुतं,” ते म्हणाले. “न उकळता पाजलं असतं तरी तेच पाणी हुतं. तुमी लेकरासाठी करायचं ते समदं केलं.”

उठून पडदा बाजूला सारायला मला दोन पावलं पुरली असती. उकळायला मी सांगितलं होतं, गयाबाई, तुमच्या मनाने तुम्ही काही केलं नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर मामा बदलले. ते गोष्टी दोनदा सांगू लागले, कधी तीनदा. कर्मचारी वैतागायचे. गावोगावच्या बोअरचं पाणी ते बाटल्यांत भरून आणायचे, सरपंचांच्या मागे लागायचे. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, तिथे सायकलवर जाऊन पाणी कुठलं वापरता, ते विचारून यायचे. पुढे गयाबाईच्या बोअरवर पाणी पिण्यास अयोग्य म्हणून लाल रंगाचा पट्टा आला आणि गावात शुद्ध पाण्याचं मशीन बसलं. उद्घाटनाच्या फोटोत मी आहे. मामा त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले होते.

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी मला एसटी स्टँडपर्यंत सोडलं. बॅग वर चढवून दिली आणि म्हणाले की जमलं तर गयाबाईकडं एकदा जाऊन या. त्यांना किती कळलं होतं, मला माहीत नाही. मी हो म्हणाले.

पुढे मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ झाले. एकदा एका बाळाचे ओठ तसेच राखाडी पाहून मी सगळ्यांना थांबवलं आणि टिपकागद मागितला. थेंब चॉकलेटीच राहिला. त्याला वेळेवर औषध मिळालं; संध्याकाळी ते आईच्या मांडीवर हातपाय झाडत होतं. मी मामांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बाळाचं वजन विचारलं, पाणी कुठलं होतं ते विचारलं. मग म्हणाले, “मॅडम, गयाबाईकडं जाऊन या. दुसऱ्यांदा सांगतोय.” मी दिवाळीत येते म्हणाले. त्या दिवाळीत जमलं नाही. पुढच्याही नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते. मी निघाले. गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माणसं मावत नव्हती. चर्चची माणसं होती, वस्त्यांवरच्या बायका होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या सुना होत्या. पाळकांची प्रार्थना झाल्यावर एकेक जण पुढे होऊन मूठ मूठ माती टाकत होता. त्या रांगेत गयाबाई होती. पाठीत वाकलेली, डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला.

माती टाकून ती बाजूला आली, तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. नाव सांगितलं. मग इतकी वर्षं पाठ केल्यासारखी असलेली वाक्यं भराभर बोलून टाकली. पाणी उकळायला मी सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही मामांना विचारलंत तेव्हा मी पडद्याआड होते. बाहेर यायला हवं होतं, आले नाही.

तिने हातावरची माती पदराला पुसली.

“म्हाईत हाय की मला,” ती म्हणाली. “तुमीच सांगितलं हुतं, वीस मिनटं. मी कशी इसरंल?”

“मग तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तुमाला बी ठावं न्हवतं, मला बी न्हवतं.” तिने काठी हातात घेतली. “घरला याल वाटलं हुतं एकदा.”

तिला न्यायला आलेल्या टेम्पोने हॉर्न दिला आणि ती काठी टेकत निघून गेली.

तिच्या वस्तीचा फाटा आरोग्य केंद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. बाळ गेल्यानंतर मी तिथे आणखी सव्वा वर्ष नोकरी केली होती.