गाडीची पाठ

आमच्या घरातलं सगळ्यात मऊ कापड कुणाच्या अंगाला लागतं असं कुणी विचारलं, तर मी खाली पार्किंगकडे बोट दाखवीन. माझा टॉवेल खरखरीत आहे. ह्यांचे बनियन विटलेले आहेत. गाडीची फडकी मात्र कुरिअरने आलेली, पिवळी आणि निळी, बाळाच्या दुपट्याहून मऊ. ती माझ्या धुण्यात टाकायची नाहीत. तुझ्या धुण्यात कचकच असते, म्हणतात. ज्या माणसाने लग्नापासून स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो रविवारी दुपारी बाथरूममध्ये स्टूल घेऊन बसतो, ती फडकी शाम्पूत बुडवतो, पिळत नाही, नुसती दाबतो, आणि गॅलरीत सावलीला वाळत घालतो.

मी त्या गाडीवर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणी मला समजूतदार समजायचं.

गाडी काळी आहे. जळगावात काळी गाडी घ्यायची म्हणजे उन्हाळ्यात चटके आणि बारा महिने धूळ. मी पांढरी घ्या म्हटलं होतं. "पांढरीला चकाकी चढत नाही," असं ह्यांचं उत्तर. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हे गाडी फिरायला घेत नाहीयेत.

मी घरी ब्लाउज शिवते. माझं मशीन पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी आहे आणि खिडकीखाली गाडी. त्यामुळे रविवारचा सगळा सोहळा मला बघावाच लागतो. ऊन यायच्या आत हे खाली उतरतात, कारण तापलेल्या पत्र्याला काही लावलं तर ते तिथेच धरून बसतं. आधी नुसतं पाणी. मग फेस. मग मऊ मातीची एक वडी असते, ती ओल्या पत्र्यावरून फिरवायची. धुऊनही न निघालेली कचकच ती ओढून घेते. त्यानंतर पॉलिश, गोल गोल, एकेक वीत पुढे सरकत. शेवटी चपट्या डबीतलं मेण. ते हे बोटाने घेतात, मी लग्नात चेहऱ्याला क्रीम लावली होती तेवढंच, आणि इतकं पातळ पसरतात की लावलं की नाही तेही कळू नये. ते वाळून पांढुरकं दिसायला लागलं की दुसऱ्या फडक्याने पुसायचं. दाराच्या मुठीमागे जी खळगी असते, तिथे तर फडकं करंगळीला गुंडाळून आत फिरवतात. त्या वेळी ह्यांचं तोंड बघावं. ओठ जरासे पुढे, श्वास धरलेला. मोठ्या मुलाला आंघोळ घालायला एकदाच सांगितलं होतं, तर त्याच्या कानात साबण तसाच ठेवून बाहेर आणला होता.

मशीनवर बसून माझी पाठ धरते. एका रात्री जेवणं झाल्यावर मी बामची बाटली ह्यांच्या हातात दिली. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हाताने पाठीवर दोन फरांटे, आणि झालं. मोबाइलमध्ये कुणीतरी परदेशी माणूस लाल गाडीला मेण लावत होता. मी विचारलं, "अहो, गोल गोल नाही का फिरवायचं?" तर म्हणाले, "बाम मुरतो आपोआप." मी बाटलीचं झाकण लावलं आणि पाठ भिंतीला घासत झोपले. गाडीला मुरत नाही वाटतं आपोआप.

आणि इतकं करून ती गाडी कुठे जाते? भाजीला स्कूटर. कचेरीत जायला स्कूटर. लग्नकार्याला रिक्षा, कारण मंगल कार्यालयाबाहेर लोक गाड्या खेटून लावतात. गाडी महिन्यातून एकदा पेट्रोल पंपापर्यंत जाते आणि हवा भरून परत येते. पुढच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही.

मला त्या सीटवर बसून एकदा माहेरी जायचं होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझं माहेर दोंडाईच्याजवळच्या खेड्यात. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके लागतात, दिवसभर गाणी चालतात. मी दर वर्षी पॅसेंजरने जायचे. पिशव्या, घामट मुलं, दोंडाईचा स्टेशनवर उतरून गावापर्यंत सहा आसनी रिक्षा. घरी पोचेपर्यंत माझ्या केसांचं घरटं झालेलं असायचं. आणि तेव्हाच माझी धाकटी बहीण धुळ्याहून यायची, नवऱ्याच्या गाडीतून, एसीची गार हवा अंगावर घेऊनच उतरायची. तिची गाडी कधी धुतलेली नसते. काचेवर मुलांच्या हाताचे ठसे, सीटखाली कुरकुरे. पण ती गाडी जाते. माणसांना घेऊन जाते.

यंदा आखाजीच्या आधी तिचा फोन आला. "अक्का, यंदा बी पॅसेंजरनीच येशी का?" तिने प्रेमानेच विचारलं असेल. मला मिरची लागली.

मी ह्यांच्याकडे विषय काढला. कारणं तयारच होती. शिंदखेड्याकडे रस्त्याचं काम चालू आहे, खडी उडते. तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, काटे लागतात. गावातली पोरं नखाने नावं कोरतात. मी दोन दिवस बोलले नाही, भाजीत मीठ कमी घातलं, काही उपयोग झाला नाही. मग मला सुचलं. पोळी वाढता वाढता मी सहज म्हटलं, "धुळ्याच्या साडूंनी म्हणे मोठी गाडी घेतली. गावात सगळे तिच्याभोवतीच गोळा होतील."

ह्यांनी घास खाली ठेवला. "कोणता रंग?"

"पांढरा."

दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून आल्या आल्या खाली उतरले. तो आठवडाभर रोज तेच. मेणावर मेण. खिडकीतून बघताना माझा जळफळाट होत होता आणि मला हसूही येत होतं. एका माणसाच्या जळण्यावर दुसऱ्याचं जळणं चालू होतं, आणि मध्ये ती काळी, थंड, गुळगुळीत, सगळ्यांकडून लाड करून घेत उभी.

निघायच्या दिवशी मी नवी साडी नेसले. डाळिंबी रंगाची, ब्लाउज स्वतः शिवलेला, मागच्या गळ्याला नाजूक गोट. खाली गेले, उभी राहिले, म्हटलं, "कशी दिसते?" हे शेवटचा हात फिरवत होते. दाराच्या काळ्या पत्र्यात मी दिसत होते, आडवी, पसरट, बैठ्या माठासारखी. ह्यांनी पत्र्यातच बघून "छान" म्हटलं. मग वळून म्हणाले, "बांगड्या जरा वर सरकव. दार लावताना घासतील."

मी बांगड्यांवर रुमाल गुंडाळला, मुलांना मागे बसवलं आणि पुढच्या सीटवर बसले. प्लॅस्टिकवर साडी चिकटली. तरी मी खूष होते, खोटं कशाला बोलू. अमळनेरपर्यंत तर मी गाडीवरचा रागही विसरले होते.

गाव दिसायला लागलं तसे हे थांबले. डिकीतून फवाऱ्याची बाटली काढली, फडकं काढलं, आणि रस्त्याच्या कडेला सगळ्या गाडीवरची धूळ उतरवली. चाकांच्या वाट्यासुद्धा पुसल्या. मी बाजूला उभी राहून पदराने तोंड पुसलं. घरी पोचल्यावर बहिणीने पहिलं वाक्य काय म्हणावं? "अक्का, तुनं कुकू नाकवर उतरनं शे." गाडीवरचा कणभर डाग दिसणाऱ्या माणसाला समोरच्या बाईच्या नाकावर ओघळलेलं कुंकू दिसलं नव्हतं.

आमच्या अंगणात निंब आहे. त्याच्याखाली पूर्वी बैल बांधायचे. आता बैल नाहीत, शेत ट्रॅक्टरने होतं. ती जागा मोकळीच असते, म्हणून हे तिथे सावलीत गाडी लावून उभे राहिले. साडूंची पांढरी गाडी पलीकडे होती, मातीने माखलेली. ह्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि समाधानाने कंबरेवर हात ठेवले.

आबा मागच्या खळ्यातून आले. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. हाताला मातीच माती होती, कशाचा तरी वाफा करत असावेत. मी वाकून पाया पडले. त्यांनी हात माझ्या डोक्यावर धरला, हवेतच, टेकवला नाही. "सुखी ऱ्हाय, माय." हे नेहमीचंच. आमच्याकडे लेक मोठी झाली की बाप तिला हात लावत नाही. माझ्या पाठवणीच्या वेळीही ते हात जोडून उभे होते, व्याह्यांपुढे.

मग ते गाडीजवळ गेले. वाकून बघितलं. "बठ्ठं तोंड दखास वं यामा." त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असणार. आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तळहात गाडीवर ठेवला. पुढून सुरुवात केली, दारावरून, मागच्या दारावरून, अगदी सावकाश, मागच्या चाकापर्यंत. तळहातावरच्या मातीची करकर मला ऐकू येत होती. हे माझ्या शेजारी उभे होते. ह्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, पण सासऱ्यांना बोलणार कसं. मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडावर धरला. कर आबा, मनात म्हटलं, अजून कर.

आबा मागच्या चाकाशी थांबले. चाकावरच्या फुगीर पत्र्यावर त्यांनी थाप मारली, मग तिथेच हात फिरवत राहिले. "आपला काया बैलना पुठ्ठा असाच व्हता," ते म्हणाले. काया म्हणजे आमचा काळा बैल, आणि पुठ्ठा म्हणजे त्याची मागची फुगीर मांडी. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. पोळ्याला आबा त्याला असंच घासायचे, नदीवर नेऊन, मग तेल लावायचे, आणि मी काठावर बसून बघायचे. तेव्हा मी बैलावर जळायचे. आज अंगणात उभी राहून मला एकाएकी ते आठवलं, आणि तोंडावर धरलेला पदर मी तसाच धरून ठेवला, पण आता हसू येत नव्हतं.

किती वेळ तो हात तिथे होता. त्याला कसली घाई नव्हती. मी डाळिंबी साडी नेसून दोन पावलांवर उभी होते, माझी पाठ मशीनने मोडली होती, आणि आबा पत्रा कुरवाळत होते. नवऱ्याने केलं ते मी चालवून घेतलं होतं. हे मला चाललं नाही. मी घरात गेले आणि चुलीजवळ उगाच लाकडं पुढे-मागे करत बसले. बहीण म्हणाली, "अक्का, झोकावर चाल ना." मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

परत आल्यावरच्या रविवारी हे खाली उतरले ते वेगळीच बाटली घेऊन. ओरखडे बारीक होते, पण काळ्या रंगावर उन्हात स्पष्ट दिसायचे. दारावरून गेलेल्या लांब रेघा, आणि मागच्या चाकावर गोल गोल, एकात एक अडकलेले. मी खिडकीतून बघत होते. दारावरच्या रेघा ह्यांनी घासून घासून काढल्या. मग मागच्या चाकाशी उकिडवे बसले. मी मशीन सोडून खाली धावले, पायात चपलाही नव्हत्या.

"तिथलं राहू द्या."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. जातील."

"म्हणूनच सांगते. राहू द्या."

हे म्हणाले, सगळी गाडी लख्ख आणि तेवढंच खराब दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. माझा आवाज फाटला असणार, कारण ह्यांनी बाटलीचं झाकण लावलं. त्या दिवशी ह्यांनी मला नीट बघितलं, पत्र्यात नाही. मग तेवढी जागा सोडून बाकीच्या गाडीला मेण लावलं. आजही तसंच करतात. मेण लावलेल्या भागावर पाणी ठरत नाही, आणि त्या तुकड्यावर ठरतं.

माझं जळणं काही गेलेलं नाही. त्या दिवशीपासून उलट वाढलंच. आबांच्या हाताची खूण तिच्या अंगावर आहे.

परवा बाजारातून आले. हातात पिशव्या होत्या, पाठ ठणकत होती, वर चढायचं जिवावर आलं. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी पिशव्या खाली ठेवल्या, गाडीच्या मागच्या चाकाशी गेले, वळले, जराशी वाकले, आणि त्या ओरखड्यांवर पाठ टेकवून उभी राहिले. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

वरून खिडकीतून ह्यांचा आवाज आला. "अगं, पदराची पिन लागेल."

"लागू द्या," मी म्हटलं, आणि पाठ तिथेच ठेवली.