पोटाला लावलेला कान

आई रत्नागिरीत दवाखान्यात होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं आतडं ऑपरेशननंतर हलेनासं झालं होतं. आतड्याला ठेका देणाऱ्या पेशी गप्प झाल्यात, वाट बघू, असं डॉक्टर म्हणाले. बाईंचा म्हातारा नवरा मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. घरून आलेला डबा तसाच बाजूला ठेवून, इंजिनाला लावावा तसा तो बायकोच्या पोटाला कान लावून बसे.

"वाजतंय हो," एका दुपारी तो हरखून म्हणाला.

नर्सने स्टेथोस्कोप लावून बघितलं. आत शांतच होतं.

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुमचं पोट वाजतंय ते. जेवा आधी."

"तुझं सुरू होऊ दे."

संध्याकाळी बाईंचा वारा सरला. सगळ्या वॉर्डाने ऐकलं, कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने नर्सला विचारून बायकोला चमचाभर पाणी पाजलं आणि मग डबा उघडला.