सान्ता फेचं माळवद

नातीला शाळेत काम दिलं होतं. अमेरिकेतल्या चार शहरांची घरं पुठ्ठ्याची करायची आणि ती वेगवेगळी का, ते सांगायचं. अमेरिकेपासून अर्ध्या जगापलीकडच्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल त्या घरांनी अडवलं. आठवडाभर आम्ही खाली बसून जेवलो.

नात टॅबवर चित्रं दाखवून मला समजावायची. बॉस्टनची घरं लाल विटांची, थंडीत एकमेकांना बिलगल्यासारखी भिंतीला भिंत लावून उभी. न्यू ऑर्लिन्सला उकाडा, म्हणून माडीला लांब सज्जे, त्यांना लोखंडाची नक्षी, जणू क्रोशाची लेस. सज्ज्याखालून माणसं पावसात कोरडी चालतात, इथल्या जुन्या दुकानांपुढच्या छपराखालून आपण चालतो तशी. सॅन फ्रान्सिस्कोला चढावर लाकडी घरं, उजेडासाठी खिडक्या भिंतीबाहेर काढलेल्या. त्या खिडक्या मला फार आवडल्या. आत बसून सगळा रस्ता बघावा, आपण कुणाला दिसू नये.

चौथं चित्र सान्ता फेचं. मातीच्या जाड भिंती, सपाट छप्पर, बाहेर आलेली तुळयांची टोकं, पाणी पडायला पन्हळ. हे तर माझ्या माहेरचं माळवद! इतक्या लांबच्या माणसांनाही उन्हावर तोच उपाय सुचला होता. मी ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं.

शनिवारी सुनेने आणि नातीने त्या घराला माती लिंपली. मातीत भुसा नव्हता, काहीच नव्हतं. माहेरी मी चिखल तुडवलेला, ही माती धरणार नाही हे मला दिसत होतं. पण सून ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, तिला आपण काय सांगायचं? मी भाजी निवडत राहिले.

रविवारी सकाळी भिंतभर भेगा. सोमवारी घरं न्यायची होती.

"आजी, सगळं स्पॉइल झालं ला!" इथल्या मुलांसारखा शेवटी 'ला' लावत नात रडायला लागली.

"गोंद भरून बघू," सून म्हणाली.

"गोंदाने नाही व्हायचं," माझ्या तोंडून निघून गेलं. "नुसती माती तडकतेच. तिला धरायला काहीतरी लागतं."

सुनेने गोंदाची बाटली खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला काल माहीत होतं, आई? आणि गप्प बसलात?"

लेकरू रडत होतं ते माझ्या गप्प बसण्यापायी.

मग देवापुढच्या नारळाची शेंडी काढली, कात्रीने बारीक केली आणि मातीत घातली. नातीने बाथरूममध्ये चिखल तुडवला. "आजी, गुदगुल्या होतात!" सुनेला मी पातळ थर द्यायला सांगितलं, तिने मुकाट दिला. पहिला वाळल्यावर दुसरा. पंखा रात्रभर चालू ठेवला.

सकाळी भिंतीवरून बोट फिरवलं. एकही भेग नव्हती.

पिशवीत घरं घेऊन दोघी लिफ्टपाशी पोचल्या, तेव्हा मला आठवलं. दारात येऊन मी ओरडले, "अगं, मांडताना पन्हळ बॉस्टनच्या भिंतीवर नको! रस्त्याकडे कर!"

शेजारची चिनी बाई दार उघडून बघायला लागली. मी नेहमीसारखी आत पळाले नाही.