पोपटी टोपी

मे महिन्यात अंदमानला जायचं आमच्या घरात घाटत होतं, म्हणून मेट्रोत शेजारच्या बंगाली गृहस्थांच्या मोबाइलमध्ये मी जरा जास्तच डोकावलो. ते अंदमानचेच फोटो साफ करत होते. चष्मा कपाळावर चढवलेला. बोट शर्टाला पुसायचे, हळूच "सॉरी दादा" म्हणायचे आणि किनाऱ्यावरचा एकेक अनोळखी माणूस नाहीसा करायचे. शेवटी समुद्र, त्यांची बायको आणि मागे पोपटी टोपीतला एक ढेरपोट्या माणूस एवढेच उरले.

"हे तुमच्यातलेच का?" मी हिंदीत विचारलं.

"छे. पण आमच्या प्रत्येक फोटोत आहे. बायको म्हणते, याला पुसलं तर आपण तिथे गेलो होतो असं वाटणारच नाही."

एस्प्लनेडला ते उतरून गेले.

माझी बँकेतली नोकरी बदल्यांची. गाव सोडलं की तिथे कुणाच्या आठवणीत उरायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. त्या संध्याकाळी फुटपाथवरून मी एक भडक पोपटी टोपी घेतली.

"ही घालून आपल्या फोटोत येऊ नकोस," बायको म्हणाली.

"आपल्या नाही," मी म्हटलं, "लोकांच्या."