नदीपलीकडचा देव

आमचं गाव नदीतल्या बेटावर. फिरंग्यांनी देऊळ पाडलं, तेव्हा गाववाल्यांनी देव होडीत घालून पलीकडच्या काठावर नेला. शेतं सोडवेनात, म्हणून स्वतः मात्र इथेच राहिले. तेव्हापासून इथल्या बायका दिवेलागणीला त्या काठाकडे तोंड करून हात जोडतात.

काल फेरीबोटीच्या धक्क्यावर शेजारची नवी सून तशीच उभी दिसली, आणि माझी बायको आठवली. मी तिला चिडवायचो, "अगो, तुझा देव पळाला तुला टाकून!"

ती म्हणायची, "टाकून कशाला? पलीकडे राहायला गेलाय. येणंजाणं आहे आमचं."

आता तीही गेली. देव कुठल्या बाजूला गेला ते गावाला ठाऊक आहे. तिच्यासाठी मी कुठे तोंड करू? बेटावर जिकडे बघावं तिकडे पाणीच.